रिकाम्या दोरीचा आवाज

बाण लावून दोरी सोडली की होणारा आवाज बसका असतो, गादीवर थाप मारावी तसा. बाणच नसेल आणि दोरी सोडली, तर कडक, कोरडा टणकारा उठतो. एकदा ऐकलेल्या माणसाला तो एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीतूनही ओळखू येतो. मला आला. दसऱ्याची सकाळ होती, कढईत पुरी नुकतीच फुगून वर आली होती, आणि बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. झारा हातात तसाच धरून मी बाहेर धावले. मागे पुरी जळली ती जळलीच.

बाहेर चौरंगासमोर माझे सासरे बसले होते. चौरंगावर आमचं धनुष्य, बाणांची जुडी, घरातली विळी आणि नवऱ्याच्या गाडीची किल्ली, असं सगळं झेंडूच्या फुलांत मांडलेलं होतं. भोवती गावकीतली माणसं बसली होती. धनुष्याच्या दोरीला सकाळी मीच एक झेंडूचं फूल बांधलं होतं. ते तुटून लांब, पार टीव्हीच्या कपाटाखाली जाऊन पडलं होतं.

दोरी कोणी ओढली, असं मी विचारलं. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता ताम्हण उगाचच सरळ केलं.

"कोनी नाय," ते म्हणाले. "दाराची कडी वाजली आसंल."

आमच्या दाराला कडी नाही, लॅच आहे. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि खोलीतल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. पण भरल्या पाहुण्यांत, सणाच्या दिवशी, सासऱ्यांना 'तुम्ही खोटं बोलताय' असं कसं म्हणायचं, ते मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कोणी शिकवलेलं नव्हतं. मी झारा घेऊन परत आत गेले.

आता हे धनुष्य आमच्या घरात आलं कसं, ते सांगते. मी मूळची पनवेल शहरातली, तळ्याजवळ वाढलेली. गणिताच्या शिकवण्या घेते. चाळिशी उलटलेल्या बाईने काय शिकावं याच्या लोकांच्या कल्पना ठरलेल्या असतात. योगासनं करा, फार तर पोहायला जा. मला दोन्हींचा कंटाळा. डॉक्टरांनी मोबाईल कमी बघा, डोळ्यांना आराम द्या म्हणून सांगितलं, आणि मी घरी येऊन मोबाईलवर डोळ्यांचे व्यायाम शोधायला लागले. त्या शोधातच कुठूनतरी एक म्हातारा परदेशी माणूस समोर आला. तो आपल्या गॅरेजमध्ये बसून धनुष्याच्या दोरीला मेण लावत होता. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, आणि मग त्याचे सगळेच बघितले.

नंतर दुसरा गुरू मिळाला, हिंदीतला. गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभा राहून शिकवणारा एक तरुण, दर वाक्याला 'दोस्तों' म्हणणारा. म्हातारा का करायचं ते सांगायचा आणि हा तरुण घरात असलेल्या वस्तूंत कसं भागवायचं ते सांगायचा. दोघांकडून मिळून माझं शिक्षण पूर्ण झालं, असं म्हणायला हरकत नाही. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. आई वेड्यासारखी काय बघते म्हणून ती एकदा शेजारी येऊन बसली, आणि मग तीच माझ्या पुढे गेली.

धनुष्य ऑनलाइन मागवलं. लाकडी मूठ आणि वर-खाली दोन पांढरी पाती. मुद्दाम हलकं घेतलं. नवशिक्याने हलकंच घ्यावं, हे दोन्ही गुरूंचं एकमत. पहिल्याच दिवशी जड धनुष्य ओढायला जाऊन खांदा धरून बसणारे पुरुष असतात. त्यातला एक माझ्या घरातच आहे, त्याने एका मित्राचं ओढून बघितलं होतं आणि पुढचा आठवडाभर मी त्याच्या खांद्याला मलम चोळत होते. निशाणा आम्ही घरीच केला. तांदळाच्या पोत्यात जुने कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठासून भरायच्या, की बाण आत रुततो आणि सहज निघतो. पोत्याच्या मागे एक जाड चादर सैल लोंबती सोडायची. ताणून बांधली तर बाण आरपार जातो, सैल असली तर चादर मागे सरकते आणि बाण खाली पडतो. मला हे पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. करून बघितल्यावर मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले होते.

बाकीचे नियम तसे साधे. बाण मारायच्या आधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवायचा, करकर ऐकू आली तर तो मोडून टाकायचा. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवायचं नाही. पात्यांवरून अधूनमधून कापसाचा बोळा फिरवायचा, कुठे तंतू अडकला तर तिथे तडा आहे असं समजायचं. आणि सगळ्यांत पहिला, म्हाताऱ्याने दर व्हिडिओत बोट उगारून सांगितलेला नियम म्हणजे रिकामी दोरी ओढून सोडायची नाही. ओढलेल्या दोरीतला जोर बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. बाण नसला की तो सगळा जोर पात्यांतच परत बसतो. पातं कधी तिथल्या तिथे मोडतं. कधी वरून काहीच दिसत नाही, आत केसासारखी चीर पडते, आणि पुढच्या वेळी कोणी पूर्ण ताणलं की ते तोंडासमोर फुटतं.

माझ्या मुलीने हा नियम घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतला होता. आजोबांकडून तर रोज.

आजोबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म मिठागरावरचा. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा इतरांबरोबर आम्हीही करंजाड्याला आलो, प्लॉटवर घर बांधलं, सगळ्यांत वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवले. घर चांगलं आहे, पाणी चोवीस तास आहे. पण माझ्या सासऱ्यांना इथे करायला काही नाही. सकाळी उठून ते गेटपर्यंत जातात, रस्ता बघतात आणि परत येतात. मी आणि मुलगी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर बाण मारायला लागलो, तेव्हा ते प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागे येऊन बसायला लागले. पहिल्यांदा त्यांना हसू यायचं. मग एक दिवस त्यांनी जुन्या गमबुटाचा वरचा भाग कापला, त्याला नाडी ओवली आणि नातीच्या डाव्या हाताला बांधून बघितला. दोरीचा फटका हातावर बसू नये म्हणून जो पट्टा लागतो, तो आम्ही मागवणारच होतो. त्यांनी केलेला त्याहून बरा झाला. त्या दिवसापासून ते आमचे झाले. व्हिडिओतलं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, पण ते हात बघायचे, आणि नातीचा कोपर खाली आला की मागून सांगायचे.

"आजोबा, रिकामी दोरी?" ती रोज धनुष्य आत ठेवताना विचारायची.

"सोडाची नाय," ते म्हणायचे.

आता दसऱ्याचं. त्यांच्या घराण्यात एक पद्धत आहे. हत्यार पुजलं की त्याला तिथेच एकदा बोलतं करायचं. कोयता पुजला की पाठीकडून दगडावर वाजवायचा. फावडं पुजलं की ओट्यावर एकदा आपटायचं. पुजलेलं हत्यार मुकं ठेवू नये, असं ते म्हणतात, त्यांचे वडील म्हणायचे, पुढचं मला माहीत नाही. जुन्या गावात दसऱ्याच्या सकाळी एकापाठोपाठ एक घरातून लोखंडाचे आवाज यायचे. मी लग्न होऊन गेले तेव्हा घाबरून नवऱ्याला विचारलं होतं, भांडण झालं का म्हणून.

करंजाड्याला आल्यावर पुजायला हत्यारं उरली नाहीत. मिठाने खाल्लेलं लोखंड कोणी सोबत आणतं का? मागच्या वर्षी चौरंगावर मिक्सर आणि गाडीची किल्ली होती. पूजा झाल्यावर सासऱ्यांनी मिक्सर एकदा फिरवला, नवऱ्याने खाली जाऊन हॉर्न वाजवला. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी जेवताना पोळी अर्धीच ठेवली होती, ते मी बघितलं होतं.

म्हणून यंदा मी स्वतः सांगितलं की बाबा, धनुष्य पुजा. ते खुर्चीतून ताडकन उठले. मग त्यांना धीर धरवेना. गावातून उठून इथे आलेल्या प्रत्येक घरी ते स्वतः गेले. जुन्या गावची शीव म्हणजे खाडीचा बांध, दसऱ्याला तो ओलांडून सोनं लुटायला जायचं. इथे शीव कुठली, इथे प्लॉट नंबर आहेत. तेव्हा संध्याकाळी माझी नात मागच्या प्लॉटवर ईशान्येला बाण मारेल, तो लागेल तिथे आपली शीव, ती ओलांडून सोनं लुटायचं, असं त्यांनी घरोघर सांगितलं. कोणाला नाही म्हणावंसं वाटलं नाही. मुलीने महिनाभर सकाळी साडेपाचला उठून सराव केला.

एक गोष्ट मी त्यांच्यासाठी मान्य केली होती. धनुष्य आम्ही एरवी दोरी उतरवून ठेवतो. पण दोरी उतरलेलं धनुष्य म्हणजे त्यांच्या लेखी दोन फळ्या आणि एक मूठ. तेव्हा पूजेला दोरी चढवून ठेवलं. पात्यांना त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू लावलं, दोन्ही अंगांनी, बोटं भरून, कोयत्याला लावतात तसं. मग मी पुऱ्या तळायला गेले.

त्यांनी का ओढली, ते मला त्या आवाजाबरोबरच समजलं होतं. पुजलेलं हत्यार मुकं ठेवायचं नव्हतं त्यांना. रोज 'सोडाची नाय' म्हणणारा माणूस चौरंगासमोर बसला की त्याचे हात त्याच्या बापाचे होतात. एवढं सगळं मला कळत होतं, आणि तरी मी पुऱ्या लाटताना इतक्या जोरात लाटत होते की पोळपाट ओट्यावर सरकत होता. कारण दुसरंही कळत होतं. संध्याकाळी तेच धनुष्य माझी मुलगी ओढणार होती, दोरी गालाला आणि ओठाला टेकेपर्यंत.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. तो म्हणाला, बाबा नाही म्हणाले ना. मी म्हटलं, आवाज ऐकलास ना तू, तिथेच बसला होतास. तो मोबाईलवर पूजेचा व्हिडिओ काढत होता, हे मला माहीत होतं. दाखव म्हटलं, तर म्हणाला की नेमका तेव्हा फोन आला होता. खरं असेल. नसेलही. बापाला खोटं पाडायचं नाही म्हणून नवरे काय काय करतात, ते मी सांगायला नको.

मुलीला मी सांगितलं नाही. ती अठराची व्हायची आहे, तिच्या जिभेला हाड नाही, ती सरळ जाऊन सगळ्यांसमोर विचारणार, आणि मग आजोबा तिच्याकडेही बघणार नाहीत. वर ती आरशासमोर नव्या कुर्त्यावर गमबुटाचा पट्टा बांधून बघत होती. मी जिन्यातून परत फिरले.

धनुष्य उचलून नीट बघावं तर तेही करता येईना. पूजा मांडली की संध्याकाळपर्यंत चौरंगावरचं काही हलवायचं नाही. पुरुष जेवायला बसले तेव्हा मी देवघरातली कापसाची वात घेतली, चौरंगासमोर गुडघे टेकले आणि नमस्कार करायला वाकल्यासारखी वाकले. वात दोन्ही पात्यांवरून हळूहळू फिरवली, जेवढी वरून फिरवता येत होती तेवढी. कुठेच अडकली नाही. गुळगुळीत गेली. मला इतकं बरं वाटलं की मी खरोखरच नमस्कार केला.

मग हातातल्या वातीकडे बघितलं. तेलाने चिंब, लालभडक. तेल लावलेल्या पात्यावरून कापूस फिरवला तर तो कशाला अडकेल? चीर असती तरी घसरलाच असता. माझी परीक्षा फुकट गेली होती, आणि पाटावरून सासरे माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि त्यांना श्रीखंड वाढायला गेले. त्यांनी वाटीवर हात धरला.

दुपारभर मी स्वतःशी भांडत होते. म्हातारा गुरू सांगतो की शंका असेल तर ओढू नका. पण तो गॅरेजमध्ये एकटा असतो. त्याच्या दारात साठ माणसं चहा पीत बसलेली नसतात. एकदाच तर ओढली, हलकं तर धनुष्य आहे, काही झालं नसेल. असं मी दहा वेळा म्हटलं आणि अकराव्या वेळी पुन्हा तो आवाज आठवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, मुलीसाठी आणि सासऱ्यांसाठीही. माणसाकडे बोलतं करायला एकच गोष्ट उरली असेल आणि तीच आपण काढून घेतली, तर त्याच घरात रोज त्याला चहा कसा द्यायचा?

ऊन उतरल्यावर सगळे मागच्या प्लॉटवर जमले. पोतं भिंतीच्या जरा अलीकडे उभं केलेलं, मागे चादर लोंबत होती. नवऱ्याने मुलांना आडव्या बांधलेल्या सुतळीच्या मागे उभं केलं. सासरे पांढरा सदरा-टोपी घालून खुर्चीत बसले होते, हातात आपट्याची फांदी. त्यांनी घरात जाऊन चौरंगावर अक्षता टाकल्या, पूजा हलवली, आणि धनुष्य स्वतः आणून नातीच्या हातात दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने बाण लावला, मग नाक मुरडून हात कुर्त्याला पुसायला गेली आणि थांबली.

"आई, सगळं तेलकट आहे. पुसून दे ना."

माझ्या खांद्यावर ओला नॅपकिन होता. तो तिथे का होता, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. मी धनुष्य घेतलं, बाण काढला, मूठ पुसली, वरचं पातं पुसलं. कुंकू निघालं, खालून स्वच्छ पांढरं पातं आलं. खालचं पुसलं. तेही पांढरं झालं. फक्त मुठीपासून जरा खाली एक लाल रेघ राहिली. तिरकी, बोटभर, केसाएवढी बारीक. मी नॅपकिन जोरात फिरवला. अंगठा थुंकीने ओला करून चोळलं. नख लावलं. रेघ तशीच राहिली.

कुंकवाचं तेल दिवसभर त्या चिरेत मुरलं होतं. कापसाला जी सापडली नाही, ती त्यांच्याच पूजेने लाल रेघ ओढून मला दाखवली होती.

मी मुलीला सांगितलं की बाण मारायचा नाही. मी गंमत करतेय असं तिला वाटलं, तिने धनुष्याला हात घातला, मी ते मागे घेतलं. आता लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी बाई मागे म्हणाली की शहरातली हाय, तिला नाय आवडत आपला. हे मला लागलं, नाही असं नाही. सासरे खुर्चीतून उठले आणि सावकाश चालत आले.

"सूनबाय, लोकं थांबलीत. दे तिला."

मी त्यांना रेघ दाखवली. पात्याला तडा आहे म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाले की कुंकवाचा डाग आहे. मी म्हटलं, पुसला जात नाही. त्यांनी सरळ मुठीला हात घातला.

"मंग आन हिकडं. मी मारतो."

मी सोडलं नाही. साठ माणसांसमोर सासरा आणि सून एकच धनुष्य धरून उभे होते. नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, सोड गं. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. सासऱ्यांच्या हाताला या वयातही जोर आहे, लाकूड माझ्या तळव्यातून निसटायला लागलं होतं. मग मी फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलले.

"बाबा, आपल्या दाराला कडी नाही. मला तुम्हाला खोटं पाडायचं नाही. पण आपली पोर दोरी गालाला लावून ओढते. हे फुटलं तर सरळ डोळ्यात जाईल."

त्यांनी नातीकडे बघितलं. तिने ऐकलेलं नव्हतं. आम्ही दोघं काय करतोय ते न कळून ती डावा हात लांब करून, उजवा हात गालाशी नेऊन, रिकाम्या हवेतच नेम धरून बघत होती. बाण मारायच्या आधी ती नेहमी असं करते. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची मूठ सैल झाली.

ते लोकांकडे वळले. टोपी काढून हातात घेतली.

"सकाली मीच वढली दोरी," ते म्हणाले. "रिकामी. हत्यार बोलवाचा व्हता मना. पोरीनं रोज सांगितला सोडाची नाय, तरी वढली. आनि सुनेनं इचारला तवा नाय म्हनलो."

मला रडू येत होतं आणि हात मोकळे नव्हते. मी म्हटलं, आता दोरी उतरवू या, नुसतं चढवून ठेवणंही बरं नाही. दोरी उतरवायचा पट्टा असतो, त्याची टोकं दोन्ही पात्यांना अडकवायची, मधे पाय द्यायचा आणि मूठ वर ओढायची, म्हणजे पाती वाकतात आणि दोरी सैल होते. रोजचं काम आहे. मी मुलीला मागे व्हायला सांगितलं, तोंड बाजूला केलं आणि मूठ वर ओढली.

बाण मारताना पातं जेवढं वाकतं त्याच्या निम्मंही वाकलं नसेल. फाडकन आवाज झाला. खालचं पातं त्या लाल रेघेवर उभं चिरलं, आणि त्याची एक ढलपी माझ्या दंडाला घासून मागे उडाली. ओढणी फाटली, कातडं थोडं सोललं. बाकी मला काही झालं नाही. ढलपी प्लॅस्टिकच्या खुर्चीपाशी पडली होती.

सासरे गेले आणि त्यांनी ती उचलली. वीतभर लांब, एका टोकाला सुईसारखी. कोयत्याची धार बघतात तसा त्यांनी तिच्या टोकाला अंगठा लावला, आणि लगेच काढला. ढलपी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग ते नातीपाशी आले.

ती त्यांच्यापेक्षा उंच झाली आहे. त्यांनी तिची हनुवटी धरून तिचा चेहरा खाली, उजेडाकडे केला. मला वाटलं काही बोलतील. ते उजवा डोळा बघत होते. अंगठ्याने पापणी जरा ओढून, कण गेला असावा तसा बराच वेळ बघितला. मग डावा. ती मान वाकवून उभी होती.

"मीट," ते म्हणाले. तिने डोळे मिटले.

"आता उघड."

तिने उघडले.

"हायत," ते म्हणाले. "दोनी हायत." आणि तिची हनुवटी काही त्यांनी सोडली नाही.